सीटबद्दलची ओळ मी खोडली

सुर्वेकाका, तुमच्या शोकसभेचं पत्रक लिहायला सगळ्यांनी मलाच सांगितलं होतं आणि मी नाही म्हटलं. पत्रक मला दहा मिनिटांत लिहिता येतं. वर ठळक मथळा, खाली मागण्या, शेवटी वेळ आणि जागा. तुमच्यावरही लिहिता आलं असतं. 'झुंजार ज्येष्ठ सायकलस्वार', 'अखेरपर्यंत सायकलवर'. हा दुसरा मथळा मी वहीत लिहिलासुद्धा होता. मग फाडला. तो खोटा आहे. तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले आणि तो खोटा आहे हे माहीत असलेली माणसं आजही दोनच आहेत, काकू आणि मी.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, "काकांवर दोन पानं दे, तुमचं फार जमायचं." जमायचं कसलं, आपण भांडायचो. ते भांडण अर्धं राहिलंय आणि त्यात चूक माझी होती, हे मला तुमच्या मागे कळलं. म्हणून आधी ते लिहिते. कौतुक मधेमधे येईल तेवढं येईल.

तुम्ही पहिल्यांदा लेकवर, तळ्याकाठच्या त्या बागेत, आलात तो रविवार मला आठवतो. शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी आहे, तिच्याविरुद्ध आम्ही वीस-पंचवीस जण गवतावर बसून घोषणा जुळवत होतो. तुम्ही तुमची ती काळी, उंच सायकल झाडाला टेकवलीत, पँटच्या पायाची क्लिप काढून खिशात टाकलीत आणि आमचं पत्रक उभ्याउभ्या दोन्ही बाजूंनी वाचलंत. मग हिंदीत विचारलंत, "किसने लिखा है?" मी हात वर केला, नाव सांगितलं. आडनाव ऐकल्याबरोबर तुमची भाषा बदलली.

"बये, एका पानात अकरा उद्गारचिन्हं आहेत."

"मग?"

"मग काही नाही. ओरडणाऱ्यापासून माणसं लांब सरकतात."

"काका, दूधवाला, पेपरवाला, बांधकामावरचा मजूर, यांच्या सायकली अडवतात, दंड घेतात, आणि मोटारी मजेत जातात. ओरडू नको तर काय करू?"

"ओरड की. दहा कमी कर."

तिथून तुम्ही मला 'पत्रकबाई' म्हणायला लागलात. आमच्यातली बंगाली मुलं तुम्हाला 'काकू' म्हणायची, बंगालीत काकाला काकूच म्हणतात, आणि घरी गेल्यावर खऱ्या काकू विचारायच्या, "आज काकूंना चहा मिळाला का?" मीटिंग बंगालीत चालायची. आपलं दोघांचं भांडण तेवढं मराठीत. समोर बसलेल्यांना वाटायचं, हे दोघं घरचं काही बोलतायत. तसंच होतं ते. माझं सगळं शिक्षण इथलं, घरात आईबाबांशी जेवढं बोलते तेवढंच माझं मराठी. लांबलचक, मुद्देसूद, समोरच्याला गप्प करणारं भांडण मराठीत करता येतं हे मी तुमच्याकडून शिकले. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. आता हे लिहिताना वाक्य अडलं की तुम्ही भुवई कशी उचलली असती ते दिसतं, आणि मग जमतं.

तुमची सगळी नोकरी तेल कंपनीत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं बजबजच्या डेपोत. लोकलने उतरायचं आणि स्टेशनपासून डेपोपर्यंत सायकल. साहेबांसाठी जीप असायची, तुम्ही ती कधी घेतली नाहीत. तत्त्व वगैरे काही नव्हतं, तुम्हीच सांगितलंत, "जीपमध्ये पेंग यायची." निवृत्तीनंतर बरोबरचे सगळे पुण्या-सांगलीला परतले. तुम्ही दोघं न्यू अलीपूरच्या त्या दोन खोल्यांत राहिलात, कारण काकू म्हणाल्या, "मिरजेत आता मला कोण ओळखतं? इथला मासेवाला तरी ओळखतो."

डेपोतली सवय तुमची गेली नाही. लांब पट्टी टाकीत सोडून तेल मोजायचं, आकडा वहीत लिहायचा, मगच त्याबद्दल बोलायचं. म्हणून सीटचा विषय तुम्ही काढलात तेव्हा मोजूनच काढलात.

सायकलवरची ती चामड्याची सीट बजबजपासूनची होती. तुमच्याच वजनाने तिला आकार आला होता. "सीट तीच आहे," तुम्ही म्हणालात, "मी बदललो. चाळिशीत माणूस जरा वाकून चालवतो. वजन हातांवर, पायांवर, सीटवर, सगळीकडे वाटलं जातं. सत्तरीत कंबर वाकायला तयार नसते. हँडल वर घ्यावं लागतं, पाठ सरळ होते आणि सगळा माणूस ढुंगणावर येतो. आणि तिथं तर आता काही उरलेलं नाही. नुसती दोन हाडं."

मी हसले. अगदी मोठ्याने. 'ढुंगण' हा शब्द एक्काहत्तर वर्षांच्या माणसाने इतक्या गंभीरपणे, तेलाच्या टाकीचा अहवाल द्यावा तसा म्हटला, म्हणून मला हसू आवरलं नाही.

"हसतेस काय? तुलाही होणार आहे."

मग तुम्ही ते दोन हाडांमधलं अंतर मोजलंत. आधी परातीत तांदळाचं पीठ पसरून त्यावर बसलात. काकू बाजारातून आल्या तर परात तशीच स्टुलावर.

"हे काय?"

"माझी हाडं आहेत. हलवू नको, मोजायचीत."

"त्या पिठाची उद्या मी धिरडी करणार होते!"

"कर की. वर कागद घातला होता मी."

धिरडी अर्थातच झाली नाहीत. दुसऱ्यांदा तुम्ही पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतलात, पायरीवर ठेवून त्यावर पाच मिनिटं बसलात, आणि त्यावर उमटलेले दोन खळगे पेन्सिलने गोल करून मीटिंगला घेऊन आलात. सगळ्यांना दाखवायचे होते. मी तो पुठ्ठा तुमच्या हातातून घेतला आणि पत्रकांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. म्हटलं, काका, आज नको, आज वकील येणार आहेत.

त्याच आठवड्यात तुम्ही मला ती ओळ लिहून दिलीत. पुस्तकमेळ्यात वाटायच्या पत्रकासाठी. तुमच्या त्या सरळ, किरट्या अक्षरात: 'सायकल सोडण्याआधी सीट बदलून पाहा. वयाबरोबर बसण्याची गरज बदलते. दुखत असेल तर आमच्याशी बोला.'

मी ती खोडली. तुमच्यासमोर खोडली.

"आपण हक्काची लढाई लढतोय, काका. ढुंगणाची नाही."

"हक्क मिळाला आणि बसताच आलं नाही, तर?"

"तो ज्याचा त्याचा प्रश्न."

"तसं नाही गं. पोलिसांनी जेवढे उतरवलेत ना, त्यांच्याहून जास्त माणसं दुखण्यानं उतरलीत. आमच्या सोसायटीत पाच सायकली गंजतायत. कुणी पोलिसाला भिऊन नाही ठेवल्या. आणि हे ते कुणाला सांगत नाहीत. डॉक्टरलासुद्धा नाही. गुडघा म्हणतात, दम लागतो म्हणतात."

"मग त्यांनी सांगावं."

"कुणाला सांगावं?"

पत्रकात जागा नाही म्हटलं. जागा होती. सीटच्या ओळीच्या जागी मी तुमचा फोटो टाकला, सायकलवर बसलेला, तो जुना, आणि खाली लिहिलं: 'वय ७१. रोज सायकल. यांनाही गुन्हेगार म्हणणार?'

छापायला देण्याआधी तुम्ही म्हणालात, "त्यातला 'रोज' काढ."

"का?"

"हल्ली रोज जमत नाही."

"आठवड्यातून किती वेळा?"

"चारदा. कधी तीनदा."

"म्हणजे रोजच."

ज्या माणसाने तेलाच्या पातळीत एवढासा फरक आला तर पुन्हा पट्टी सोडून मोजलं, त्याच्यासमोर मी चारदाचं रोज केलं. त्या पत्रकाच्या दोन हजार प्रती मेळ्याच्या गेटवर उभं राहून मी स्वतः वाटल्या.

उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, चल माझ्याबरोबर, सीट घ्यायचीय, तू ओरडलीस की दुकानदार नीट दाखवतो. मला एस्प्लनेडला काम होतंच. म्हणून मी आले. तुमच्यासाठी आले असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. बेंटिंक स्ट्रीटच्या त्या सायकलींच्या रांगेत, टायर आणि साखळ्या लटकलेल्या एका दुकानात, पंखा फक्त मालकाकडे तोंड करून. त्याने तुम्हाला एकदा पाहिलं, आजोबा ठरवून टाकलं आणि वरून सगळ्यांत रुंद सीट काढली. फुगलेली, मऊ, जेलची.

"दादू, ये लीजिए. सीट नहीं, सोफा है."

तुम्ही अंगठा दाबलात. अंगठा आत गेला तो गेलाच.

"तळाला लागतंय," मला म्हणालात. "मऊ आहे तोवर बरं वाटेल. अर्ध्या तासानं हाडं खाली जाणार, आणि मधला मऊ भाग वर येऊन नको तिथं दाबणार. आणि रुंदी बघ. मांड्या घासतील."

मग दुसरी. ती अरुंद, शर्यतीच्या सायकलची. तिच्याकडे बघून तुम्ही नुसते हसलात. मग तुम्ही त्याला समजावायला लागलात: मागे जरा रुंद, पुढे निमुळती, फार मऊ नको, आणि मधे लांबट खाच हवी, म्हणजे तिथल्या नसांवर भार येत नाही. पिशवीतून पुठ्ठा काढलात. खळग्यांवर सीट ठेवून बघायला लागलात. दुकानदाराने त्याच्या माणसाला डोळा मारला. मला ते दिसलं, आणि मला लाज वाटली. राग यायला हवा होता, काका. एका म्हाताऱ्याला स्वतःचं शरीर ठाऊक आहे आणि त्यावर दुकानात डोळे मारले जातात, यावर माझ्यासारखीने दुकान डोक्यावर घ्यायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं.

"काका, पाऊण तास झाला. सीट घ्यायचीय, जावई नाही."

"जावई चुकला तर मुलगी माहेरी येते. सीट चुकली तर मी कुठे जाऊ?"

दुकानदार म्हणाला, तसली खाचेची सीट आत्ता नाही, हावड्याहून मागवून देतो, पुढच्या आठवड्यात या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "हो, येऊ की पुढच्या आठवड्यात. आत्ता ही घ्या." आणि तुम्ही तो सोफा घेतलात.

पुढच्या आठवड्यात माझी कोर्टाची तारीख होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात सह्यांची मोहीम. मग मी विसरले. तुम्ही दोनदा आठवण केलीत. तिसऱ्यांदा केली नाहीत.

आता ती डिसेंबरची रॅली. हाजरापासून एस्प्लनेडपर्यंत, बंदीच्या पाट्या लागलेल्या रस्त्यावरून, सगळ्यांनी सायकल चालवत जायचं. पकडा म्हणावं, किती जणांना पकडता. तुम्ही आलात. सायकल हातात धरून चालत आलात. त्यात नवल नव्हतं, कारण तुम्ही पाटी दिसली की उतरायचातच. इथे सगळेच तसं करतात, बंदीच्या रस्त्याला लागलं की खाली उतरतात आणि सायकल ढकलत नेतात. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की सायकल ढकलणारा माणूस दिसला तर 'का' असं कुणी विचारत नाही. आणि त्यावरून तर आपलं कितीदा वाजलं होतं. तुमच्यासारखी माणसं शहाण्यासारखी उतरतात म्हणून त्या पाट्या उभ्या राहतात, असं मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "नियम चुकीचा आहे हे मी उतरूनसुद्धा सांगू शकतो."

पण तो दिवस वेगळा होता. त्या दिवशी बसायचंच होतं. सगळे बसले आणि तुम्ही एकटे उभे.

"काका, बसा."

"तुम्ही व्हा पुढे. मी चालतो."

"आज कसलं चालणं? आज बसायचंय!"

"मी येतो गं मागून. तू नीघ."

इथपर्यंत मराठीत होतं. इथपर्यंत ते आपलं होतं. मग मी मेगाफोन तोंडाला लावला आणि बंगालीत म्हटलं, सगळ्यांना कळेल असं: ज्यांना पोलिसांची भीती वाटते त्यांनी मागून चालत यावं.

लोक हसले. खूप नाही, दहा-बारा जण. तुम्ही हात वर केलात, वर्गात हजेरीला करतात तसा, आणि सायकल वळवून सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिलात. मग हाजरापासून एस्प्लनेडपर्यंत चालत आलात. आम्ही केव्हाच पोचलो होतो, भाषणं संपत आली होती, तेव्हा तुम्ही आलात. गर्दीच्या कडेला थांबून टाळ्या वाजवल्यात. मी तुमच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही लेकवर आलात, काकूंनी दिलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. मला वाटलं आता बोलणार. मी तयार होते, माझे मुद्दे तयार होते. तुम्ही वडी पुढे केलीत आणि म्हणालात, "त्या मेगाफोनची बॅटरी बघ हं. शेवटचं वाक्य मागे काही ऐकू आलं नाही."

मी ते खरं मानलं. मला सोयीचं होतं. ऐकू आलं नाही तर माफी कशाची मागायची? असा मी हिशोब केला आणि वडी खाल्ली.

तुम्ही गेल्यावर तेराव्याला मी काकूंकडे थांबले, भांडी आवरायला. माणसं गेली होती. दुपारचं ऊन व्हरांड्यात तुमच्या सायकलवर पडलं होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "सायकल तशीच ठेवा काकू. शेवटपर्यंत चालवली त्यांनी."

काकू ताटं पुसत होत्या. थांबल्या नाहीत.

"दुर्गापूजेच्या आधीपासून बसले नव्हते ते सायकलवर."

"म्हणजे?"

"म्हणजे बसले नव्हते. ढकलत न्यायचे, ढकलत आणायचे."

"लेकवर यायचे ते?"

"तासभर आधी निघायचे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, ते पाट्यांमुळे उतरायचे. काकू म्हणाल्या, "आमच्या गल्लीत कुठली आलीय पाटी?"

मग त्यांनी सांगितलं. तो सोफा महिनाभर वापरलात, मांड्या सोलवटल्या. जुनी चामड्याची परत लावलीत, तर हाडांवर भार. आणि मधे, पुढे, बसलं की सगळं बधिर व्हायचं, उतरल्यावर तासभर तसंच. लघवीचा त्रास होताच, तो वाढला. डॉक्टरांनी काही न तपासता सांगितलं, सायकल सोडा, या वयात हवीय कशाला. तुम्ही घरी येऊन काकूंना म्हणालात, "तो शिकलेला आहे, पण त्यानं मला बसवून बघितलं नाही."

"मग नेत कशाला होते सायकल?" मी विचारलं. "घरी ठेवायची. नुसतं यायचं."

काकूंनी तेव्हा ताट खाली ठेवलं.

"तुझ्या पत्रकावर लिहिलंय ना, रोज सायकल? म्हणायचे, पोरीनं छापलंय, दोन हजार लोकांच्या हातात गेलंय, ते खोटं पडायला नको. म्हणून रोज न्यायचे. चेतल्याच्या पुलापर्यंत आणि परत. बरं नव्हतं तेव्हा पण. मी म्हणायचे, चालायचंय तर काठी घ्या, ही कशाला? तर म्हणायचे, काठीनं ते वाक्य खरं होत नाही."

"रॅलीच्या दिवशी?"

"सकाळी सहाला निघाले. संध्याकाळी बसने आले. सायकल तिकडेच कुठे कुलूप लावून ठेवली होती, पाय उठत नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आले."

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"मी म्हटलं होतं, सांगा तिला. तुमचं ऐकते ती." काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या व्हरांड्याकडे बघत होत्या. "म्हणाले, तिला कसं सांगू. ढुंगण म्हटलं की हसते ती."

काका, मला पोलिसांनी ढकललंय, नेत्यांनी दारात ताटकळवलंय, एकदा एका मोटारवाल्याने भर रस्त्यात थुंकून शिवी दिलीय. त्या प्रत्येकाला मी जागच्या जागी उत्तर दिलंय. काकूंच्या स्वयंपाकघरात मी फक्त राहिलेली ताटं पुसली आणि घरी आले.

आता भांडते.

तुमच्यावर राग आहे माझा. सांगायला काय झालं होतं? अकरा उद्गारचिन्हं पहिल्याच दिवशी मोजून दाखवलीत, मग हे का नाही? तुम्ही एकदा माझ्यावर ओरडायला हवं होतं, मराठीत, सगळ्यांसमोर. 'मला बसता येत नाही, बये, दुखतं मला!' मी त्या मोर्चाची दिशा बदलली असती. असं आत्ता वाटतं. बहुतेक बदलली नसती. बहुतेक म्हटलं असतं, काका, आज वकील येणार आहेत.

आणि हे मी तुमच्यावर ढकलतेय हे मला समजतंय. तुम्ही सांगितलं होतं. पुठ्ठा आणून सांगितलं होतं, ओळ लिहून सांगितलं होतं, 'रोज' काढ म्हणून सांगितलं होतं. अजून कसं सांगतात? शरीर म्हातारं होतं ही गोष्ट मला लढाईत बसवता आली नाही. ताठ पाठीचा, फोटोतला म्हातारा मला हवा होता. दुखणारा नको होता. बंदी घालणाऱ्यांनी तुम्हाला मोठ्या रस्त्यावर उतरवलं असेल, गल्लीत मी उतरवलं.

परवा बेंटिंक स्ट्रीटला जाऊन आले. तोच दुकानदार, तोच पंखा. विचारलं, खाचेची सीट मागवली होती का तेव्हा? म्हणाला, मागवली होती की, दादू आलेच नाहीत. पूजेच्या आधी विकून टाकली. कुणाला, ते आठवत नाही, असंच कुणी वयस्कर. डोळा मारल्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. त्याने निदान सीट मागवली होती.

त्या माणसाला ती नीट बसली असेल अशी आशा आहे. हे तुम्हाला आवडलं असतं, म्हणून सांगते.

शोकसभा झाली. पत्रक निघालं नाही. मी उभी राहिले आणि रॅलीच्या दिवशी काय बोलले ते बंगालीत, त्याच शब्दांत, पुन्हा सांगितलं. मग काकूंनी मला जे सांगितलं त्यातलं एवढंच सांगितलं, की ते भ्याले नव्हते, आजारी होते, आणि मी विचारलं नव्हतं. बाकीचं तुमचं आहे, ते चारचौघांत नको असं वाटलं होतं. आता इथे लिहितेय, तेही काकूंना विचारून. त्या म्हणाल्या, "लिही. त्यांनी ते पुठ्ठ्यावर गोल करून सगळ्यांना दाखवायला नेलं होतं, तुला कसली लाज?"

गेल्या रविवारी लेकवर मीटिंगच्या आधी एक गृहस्थ आले. हावड्याच्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करायचे, आता मुलाकडे इकडे राहतात. सायकल ढकलत आले. सह्यांच्या कागदावर सही केली, निघाले, पुन्हा ढकलत. आतली वाट होती, बागेतली. पाटी नव्हती, पोलीस नव्हता, गर्दी नव्हती.

मी मागे गेले आणि विचारलं, "बसताना दुखतं का?"

ते थांबले. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. विचारतेय."

त्यांनी सायकल बाकाला टेकवली. म्हणाले, "गुडघा आहे, गुडघ्याचा त्रास." मी बाकावर बसले. ते जरा वेळ उभे राहिले, मग टोकाला बसले, सांभाळून, एका बाजूवर भार देऊन. आणि आवाज खाली घेऊन बोलायला लागले. तिकडे मीटिंग सुरू झाली, मला हाका आल्या, मी हातानेच थांबा म्हटलं. तीन वर्षं त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. कुठे दुखतं, कधीपासून, काय बधिर होतं, मुलगा काय म्हणाला, ते सगळं त्यांनी सांगितलं.

ऐकायला पंचवीस मिनिटं लागली, काका. फक्त पंचवीस.